पळत्या पोट्ट्यांना थांबवू नका

घरगुती कॅमेऱ्याने मुलांचं चित्रण करणाऱ्या आईबापांना आपल्याकडे वर्षानुवर्षं एकच उपदेश मिळत आला आहे. मूल पळत असेल तर शटरचा वेग वाढवा. लांब उभे राहा आणि झूम करा. तेवढ्याने भागलं नाही तर स्लो मोशन लावा. आणि काहीच साधलं नाही तर मुलालाच सांगा, बाळा, थांब जरा, इकडे बघ. कॅमेरा विकणारे हेच सांगतात, लग्नाचं शूटिंग करणारे हेच सांगतात, आणि घरात जो कोणी यातला जाणकार समजला जातो तोही हेच सांगतो. हा उपदेश पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. नुसता यंत्राच्या बाबतीत तो चुकला असता तर त्यावर इतकं लिहिण्याचं कारण नव्हतं. पण त्याच्यापायी घरोघरच्या टेपांमधून मुलांचं पळणं हरवलं आहे आणि ते परत मिळवण्याची कुठलीही सोय नाही.

कळमन्याचं नाव काढलं की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे मार्केट यार्ड येतं. धान्याच्या पोत्यांनी भरलेले ट्रक, हंगामात संत्र्यांचे ढीग, उन्हात पसरलेली लाल मिरची आणि तिचा घशात बसणारा ठसका. यार्डाच्या बाहेर वस्त्या आहेत, ले-आउट आहेत, रेल्वेची लाइन आहे, आणि अजून बांधकाम न झालेले मोकळे प्लॉट आहेत. त्या प्लॉटांवर संध्याकाळी पोट्टे खेळतात. क्रिकेट तर आहेच, पण रेस्टीप म्हणजे लपाछपी आहे, लंगडी आहे, पोरींचं बिल्लस आहे, आणि संक्रांतीच्या दिवसांत ‘ओ काट’ची आरोळी उठली की कटलेल्या पतंगामागे वर बघत धावणं आहे. मी इथलीच. आधी घरच्या मुलांचं आणि मग वस्तीतल्या पोरांचं चित्रण मी जुन्या हँडीकॅमवर करत आले आहे. म्हणून हा वाद मी पुस्तकातून घालत नाही, या प्लॉटांच्या कडेला बसून घालते आहे.

मुलाचं चित्रण करायचं कशासाठी, हे आधी ठरवलं पाहिजे. चेहरा हवा असेल तर फोटो पुरतो. वाढदिवसाचा केक, नवे कपडे, शाळेचा पहिला दिवस, याला व्हिडिओ लागत नाही. फोटोत मावत नाही ती ढब. नुकतं पळू लागलेलं मूल दोन्ही हात वर धरून, पाय फाकवून, पाऊल सपाट आपटत पळतं. थोडं मोठं झालं की हात खाली येतात, पण ते अजून पायांना साथ देत नाहीत, आपापले हलत राहतात. सहा-सात वर्षांचं होता होता कोपरं दुमडतात, उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे येऊ लागतो, आणि मूल मोठ्या माणसांसारखं धावू लागतं. हा सगळा पल्ला चार-पाच वर्षांत संपतो. त्यातही प्रत्येकाचं वेगळं. कोणी एक खांदा पुढे काढून पळतं, कोणी दर थोड्या वेळाने मागे वळून पाहतं, कोणी पळता पळता मध्येच एक उडी घेतं. तिन्हीसांजेला चेहरे दिसेनासे झाले तरी प्लॉटच्या दुसऱ्या टोकाकडून येणारं आपलं पोर कोणतं, हे आईला पळण्यावरूनच कळतं.

ही ढब पावलांच्या ठेक्यात असते. ठेका बदलला, वेळ ताणला, मधले क्षण गाळले की ती गेली. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया एवढाच आहे, आणि वरच्या उपदेशातली प्रत्येक सूचना नेमकी याच पायावर घाव घालते.

शटरपासून सुरुवात करते, कारण हा सल्ला सर्वांत शास्त्रीय वाटतो. आपल्याकडे विकले गेलेले कॅमकॉर्डर पाल पद्धतीचे. सेकंदाला २५ चौकटी, आणि जुन्या टेपवाल्या कॅमेऱ्यांत एकेक चौकट दोन अर्ध्या चित्रांनी बनलेली. या अर्ध्या चित्रांना फील्ड म्हणतात. म्हणजे सेकंदाला ५० फील्ड, आणि शटरचा नेहमीचा वेळ १/५० सेकंद. आता सात-आठ वर्षांचं मूल सेकंदाला चार मीटर सहज धावतं. १/५० सेकंदात ते आठ सेंटिमीटर पुढे जातं. शटर १/५०० केलं तर तेवढ्या वेळात ते जेमतेम आठ मिलिमीटर सरकेल. उपदेश करणारे इथे येऊन थांबतात आणि म्हणतात, बघा, दहापट स्पष्ट!

एक चौकट थांबवून पाहिली तर ते खरं आहे. पण व्हिडिओ थांबवून पाहण्यासाठी नसतो. १/५० ला शटर जवळपास सगळा वेळ उघडं राहतं, त्यामुळे एका फील्डमध्ये मूल जिथवर पोचलं तिथूनच पुढचं फील्ड सुरू होतं. कडा थोड्या पुसट होतात, पण हालचाल सलग राहते. १/५०० ला दर फील्डमधला नऊ-दशांश वेळ शटर बंद असतं. मूल एका जागी लख्ख दिसतं, मग सात सेंटिमीटर पलीकडे पुन्हा लख्ख दिसतं, आणि मधलं पळणं कुठेच नोंदलं जात नाही. पडद्यावर ते मूल तुटकतुटक, थरथरत पुढे येतं. सिनेमावाले हा परिणाम ठरवून वापरतात. १९९८च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधली समुद्रकिनाऱ्यावरची लढाई शटर उघडं राहण्याचा वेळ मुद्दाम कमी करून चित्रित केली होती, कारण तिथे पाहणाऱ्याच्या अंगावर युद्धाची दहशत आणायची होती. कळमन्यातल्या रेस्टीपला ती दहशत कशाला हवी?

जुन्या हँडीकॅममध्ये खेळांसाठी म्हणून एक वेगळा मोड असायचा. तो गोल्फचा किंवा टेनिसचा फटका नंतर थांबवून, चौकट चौकट करून तपासता यावा, यासाठी होता. शिकणाऱ्याला रॅकेट कुठे वळली हे पाहायचं असतं, तिथे तो उपयोगी आहे. आपल्याकडे त्यावरच्या धावत्या माणसाच्या चित्राकडे पाहून लोकांनी तो मुलांसाठी लावला, आणि मुलांच्या टेपा बिघडवल्या.

नागपुरात याहून मोठी अडचण उन्हाची आहे. कॅमेरा ऑटोवर असला आणि दुपारचं ऊन असलं की भिंगाचं छिद्र एका मर्यादेपलीकडे लहान करता येत नाही, म्हणून यंत्र आपोआप शटरचा वेग वाढवतं. म्हणजे उपदेश ऐकला नाही तरी आपलं ऊन तो अमलात आणतं. वैशाखातल्या भर दुपारी काढलेली टेप आणि त्याच मुलाची सूर्य कलल्यावर काढलेली टेप शेजारी शेजारी लावून पाहा. दुपारची टेप फडफडते, संध्याकाळची वाहते. त्यामुळे खरा सल्ला उलटा आहे. शटर १/५० ला बांधून ठेवा. उजेड जास्त असेल तर भिंगापुढे उजेड कमी करणारी काळसर काच लावा, तिला एनडी फिल्टर म्हणतात. तीही नसेल तर सकाळी किंवा चारनंतर चित्रण करा. तसंही भर दुपारी नागपुरात पोरं बाहेर फारशी नसतात, सावलीला असतात.

मुलांच्या पळण्यातला तो पुसटपणा दोष नव्हे. ती धावण्याची खूण आहे. धावणाऱ्या पायांकडे आपण डोळ्यांनी पाहतो तेव्हा पायही काही कोरून काढल्यासारखे दिसत नाहीत.

झूमचा सल्ला देणारे म्हणतात, लांबून चित्रण केलं की मुलं बुजत नाहीत, सहज वागतात. हेतू चांगला आहे. हिशेब मात्र चुकतो, आणि तो मांडून दाखवायलाच हवा. लहान सेन्सरच्या घरगुती कॅमकॉर्डरचं भिंग पूर्ण वाइड ठेवलं आणि चार मीटरवर बसलं, तर चौकटीत साधारण साडेतीन मीटर रुंदीची जागा येते. सेकंदाला चार मीटर धावणारं मूल या जागेत जवळजवळ एक सेकंद दिसतं. आत येताना, मध्यभागी, बाहेर जाताना, सगळं मिळतं. आता आठ मीटरवर जाऊन दहापट झूम केलं, तर चौकटीची रुंदी पाऊण मीटरच्या आत येते. ती जागा मूल एक-पंचमांश सेकंदाच्या आत ओलांडतं. माणसाच्या डोळ्याने पाहून हात हलायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. तुमचा हात वळेपर्यंत मूल चौकटीबाहेर गेलेलं असतं. मग कॅमेरा त्याच्यामागे धावतो, पुढे निघून जातो, मागे येतो, आणि टेपवर उरतात भिंत, आभाळ, कोणाच्या तरी चपला आणि ‘अरे कुठे गेला’ हा बापाचा आवाज.

फोकसचंही तेच. भिंग वाइड असलं आणि सेन्सर लहान असला की अर्ध्या-एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट राहतं. फोकस हाताने तीनेक मीटरवर बांधून टाकायचा आणि विसरून जायचं. मूल पुढे येवो, मागे जावो, काही बिघडत नाही. दहापट झूमवर, आठ मीटर अंतराला, स्पष्ट राहणारी पट्टी दीड मीटरच्या आसपास उरते. तुमच्या दिशेने धावणारं मूल ती पट्टी अर्ध्या सेकंदाच्या आत पार करतं. ऑटोफोकस त्याला शोधत पुढेमागे फिरतो, आणि तो ठिकाणावर येईस्तोवर मूल थेट तुमच्या गुडघ्याला येऊन धडकलेलं असतं. हाताची थरथर दहापट वाढते ती वेगळीच. यानंतरही लोक ‘मुलंच फार पळतात’ म्हणून मुलांना दोष देतात, याचा मला राग येतो.

मग करायचं काय? जागा धरायची. प्रत्येक खेळाला एक जागा असते जिथे धाव येऊन वळते. खो-खोत ती खांबाजवळ असते, कारण खो न देता वळायचं तर पाठलाग करणाऱ्याला खांबापर्यंत यावंच लागतं. रेस्टीपमध्ये ती राज्य घेणाऱ्याच्या भिंतीजवळ असते. लगोरीत फरशांच्या चळतीपाशी. दहा मिनिटं नुसता खेळ पाहिला तरी ती सापडते. तिथे, खेळाच्या वाटेत येणार नाही असं, जमिनीवर बसायचं. कॅमेरा मुलाच्या छातीच्या उंचीला धरायचा, स्क्रीन बाजूला उघडून खाली वळलेल्या नजरेने पाहायचं, आणि चौकट हलवायची नाही. मुलं आत येतील, बाहेर जातील, पुन्हा येतील. रिकामी चौकट दिसली तरी घाबरायचं नाही. त्या रिकाम्या चौकटीत बाहेरून येणारे आवाज असतात, आणि पुढच्या क्षणी कोण कुठून घुसेल याची वाट पाहणं असतं. खेळ हा असाच असतो. उंचीचं महत्त्व तर सांगावं तेवढं थोडं. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून काढलेल्या चित्रणात मुलांच्या डोक्याचे भोवरे दिसतात आणि पाय तोकडे दिसतात. बसून काढलं की त्यांची धाव पूर्ण लांबीची दिसते.

बसण्याचा आणखी एक फायदा थोडक्यात सांगते, कारण तो जिवाशी निगडित आहे. कॅमेऱ्यात डोळा घालून उलटं चालत मुलांमागे जाणारे लोक मी रस्त्यावर आणि लाइनीजवळ पाहिले आहेत. कळमन्यात दिवसभर ट्रक फिरतात. हे कोणीही करू नये.

जागा धरण्याची ही पद्धत माझी नाही. ती सिनेमाइतकीच जुनी आहे. १८९९ साली सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. भारतीय माणसाने केलेल्या सर्वांत आधीच्या चित्रणांपैकी ते एक. त्यांच्याकडे झूम नव्हतं, ऑटोफोकस नव्हता. एका जागी ठेवलेला कॅमेरा होता आणि त्याच्यापुढे दोन पैलवान. हालचाल करायचं काम पैलवानांचं. त्याच सुमाराला, १९०० मध्ये, ल्युमिएर कंपनीसाठी चित्रण करणारा गाब्रिएल वेर हा फ्रेंच माणूस आजच्या व्हिएतनाममधल्या नामो नावाच्या गावातून निघाला तेव्हा त्याने डोलीत बसून मागच्या बाजूला कॅमेरा लावला. गावातली मुलं त्या डोलीमागे धावत सुटली. मिनिटभराहून कमी लांबीचं ते चित्रण आज कोणालाही पाहता येतं. मुलं जवळ येतात, मागे पडतात, पुन्हा गाठतात, हसतात. भिंग एकच, वेग त्यांचा. सव्वाशे वर्षं होत आली, पण धावत्या मुलांचं त्याहून चांगलं चित्रण मी फारसं पाहिलेलं नाही. तेव्हा, यंत्र कमी पडतं म्हणून मुलाला थांबवावं लागतं ही सबब कोणी सांगू नये.

आता स्लो मोशन. याच्यावर मी सर्वांत जास्त चिडते, आणि त्याला कारण आहे. २०१३-१४ पासून खिशातल्या फोनमध्ये सेकंदाला १२०, मग २४० चौकटी घेण्याची सोय आली. २४० चौकटी घेऊन त्या सेकंदाला ३० या गतीने दाखवल्या की तीन सेकंदांची धाव चोवीस सेकंद चालते. केस हळूच उडतात, धूळ तरंगते, आणि सगळं सुंदर दिसतं. दिसतं हे मला मान्य आहे. पण त्या सौंदर्यात तुमचं मूल नसतं. आठपट ताणल्यावर सगळ्या मुलांची धाव सारखीच होते. ठेका राहत नाही, आणि ज्या ढबीवरून आई पोराला ओळखते ती तर मुळीच राहत नाही. आवाजही जातो. ‘ओ काट’ची आरोळी आठपट ताणली की तिचा नुसता घुमारा होतो, म्हणून बहुतेक जण तो आवाज काढून टाकतात आणि वर गाणं चढवतात. वीस वर्षांनी त्या मुलाला स्वतःचा लहानपणचा आवाज ऐकायचा असेल, तेव्हा त्याला ते गाणं ऐकावं लागेल.

सिनेमात चालतं मग घरी का नको, असं मला विचारलं जातं. सिनेमात त्या ताणलेल्या क्षणाच्या आधी आणि नंतर दोन-अडीच तासांची गोष्ट असते. तुमच्या मुलाच्या पाचव्या वर्षाच्या त्या संध्याकाळची मात्र तीच एक नोंद असते.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आमच्यासारख्या वस्त्यांमध्ये बाहेरून लोक कॅमेरा घेऊन येतात. हमालांची, रोजंदारीवाल्यांची पोरं खेळताना दिसली की पहिलं काम स्लो मोशन लावण्याचं. अनवाणी पाय, उडणारी माती, खाली करुण वाजवलेली बासरी. जे पोर त्या क्षणी वाऱ्यासारखं पळत होतं, जिंकत होतं, ओरडत होतं, ते पडद्यावर येईपर्यंत दयेचा विषय झालेलं असतं. त्या पोराच्या आईला विचारलेलंही नसतं. वेग हीच त्या मुलाची त्या वेळची सगळ्यात मोठी मिळकत असते आणि नेमकी तीच काढून घेतली जाते. दुसऱ्याच्या मुलाचं चित्रण करायचं तर आधी घरच्यांना विचारावं, झाल्यावर त्यांना ते दाखवावं, आणि पोर ज्या वेगाने पळालं त्या वेगानेच दाखवावं. याहून कमी काहीही मला मान्य नाही.

‘थांब, इकडे बघ’ हा शेवटचा उपाय सगळ्यांत जास्त वापरला जातो तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून निघतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतात. कोणी शेतकरी झालेलं असतं, कोणी शिवाजी महाराज. चाकांचा बैल दोरीने ओढत पळताना तो खड्ड्यात कलंडतो, पोर मागे फिरून त्याला उभा करतं, झूल सारखी करतं आणि पुन्हा पळतं. या सगळ्या गडबडीत खरा तान्हा पोळा असतो. पण प्रत्येक दारात एक कॅमेरा उभा असतो आणि हुकूम सुटतो, ‘अबे थांब ना, बैल समोर धर, हास.’ पोर थांबतं. हसतं. टेपवर एक ताठ उभं राहिलेलं पोर येतं, आणि फोटोत जे मिळालं असतं तेच व्हिडिओवर मिळतं. दर वर्षी, दर घरात. यार्डाजवळ तर मिरचीच्या ढिगांपुढे पोरांना उभं करण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याबद्दल एवढंच सांगते की टेपवाल्या पाल डीव्ही पद्धतीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या पाव हिश्श्याएवढीच नोंदली जाते, म्हणून भडक लाल रंग कडांवरून ओघळल्यासारखा दिसतो आणि पोराची बाह्यरेषा त्यात बुडते. साधी मातकट भिंत कधीही बरी.

फोन असताना कॅमकॉर्डर कशाला, असं विचारणाऱ्यांशी मी फार भांडणार नाही. फोनवरही हे सगळं करता येतं. वाइड ठेवा, शटर आणि फोकस बांधता येणारं अ‍ॅप घ्या, खाली बसा. फक्त दोन गोष्टी जुन्या हँडीकॅमच्या बाजूने सांगते. सीसीडी सेन्सरचा कॅमेरा सगळं चित्र एकाच क्षणी टिपतो. फोनचा सेन्सर ओळीमागून ओळ वाचतो, त्यामुळे फोन झटक्याने वळवला की विजेचे खांब तिरपे होतात आणि पोरंही. दुसरं, टेप ६० मिनिटांची असते. ती संपते हे डोक्यात असलं की माणूस आधी पाहतो आणि मग बटण दाबतो.

आता उरला तो आक्षेप ज्याला मी खरा मान देते. काही जण म्हणतात, कॅमेराच ठेवून द्या. पोरं खेळताहेत तर डोळ्यांनी पाहा. नागपूरकरांना याचं मोठं उदाहरण ठाऊक आहे. २००१ साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे पावसात आडोशाला उभे होते. समोर वस्तीतली मुलं फुटक्या बादलीने फुटबॉल खेळत होती. त्या पाहण्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं, आणि पुढे नागराज मंजुळेंनी त्यावरून ‘झुंड’ हा चित्रपट केला, जो २०२२ मध्ये आला. त्या पावसात पाहणाऱ्याचे डोळे मोकळे होते. आधी पाहणं, मग बाकी सगळं, हे मला शंभर टक्के कबूल आहे.

पण या आक्षेपात एक गृहीत आहे, की चित्रण करणारा पाहतच नाही. झूम धरून पोरामागे धावणारा खरंच पाहत नाही. त्याचा सगळा जीव पोर चौकटीत ठेवण्यात अडकलेला असतो. जागा धरून बसलेल्या आईचं तसं नसतं. चौकट एकदा लावली की तिच्या डोळ्यांना दुसरं काम नसतं. ती खेळ पाहते, पडलेल्याला ‘उठ’ म्हणते, कोणाचं राज्य यावरून भांडण झालं तर निवाडा देते, आणि तेही टेपवर येतं. पाच-सात मिनिटं चित्रण करावं आणि कॅमेरा बंद करून पिशवीत टाकावा. उरलेली संध्याकाळ आहेच. शिवाय ज्यांनी नुसतं पाहिलं त्यांना आठवतं काय, हेही विचारून पाहा. चेहरा आठवतो, बोल आठवतात, एखादा हट्ट आठवतो. तिसऱ्या वर्षी पोर कसं पळायचं हे मात्र कोणालाही सांगता येत नाही, कारण चौथ्या वर्षाच्या धावेने ते पुसलेलं असतं. हे एकच काम असं आहे जे आईच्या आठवणीला जमत नाही आणि कॅमकॉर्डरला जमतं.

ज्यांची मुलं आता मोठी झाली त्यांना वाटेल, आपल्यासाठी हा वाद संपला. संपलेला नाही. कपाटात टेपा असतील तर त्यांत पळणं अजून आहे, पण त्या संगणकावर उतरवतानाही ते मारलं जातं. मी शहरातल्या एका दुकानात टेपा दिल्या होत्या. परत आलेल्या फायलींमध्ये उभी माणसं ठीक होती, आणि पळणाऱ्या पोरांच्या कडांना आडव्या रेघाच रेघा. कारण साधं आहे. दोन फील्डमध्ये १/५० सेकंदाचं अंतर असतं, तेवढ्यात पोर आठ सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं, आणि दुकानदाराने दोन्ही फील्ड तशीच एकात एक बसवली होती. तक्रार केल्यावर त्याने एक फील्ड टाकून दिलं. रेघा गेल्या, आणि त्यांच्याबरोबर निम्मी हालचालही गेली. म्हणून टेपा देताना दोन गोष्टी मागून घ्या. टेप मिनीडीव्ही असेल तर फायरवायर केबलने उतरवलेली मूळ डीव्ही फाइल, जी तासाला सुमारे १३ जीबी भरते. आणि पाहण्यासाठी केलेली प्रत सेकंदाला पूर्ण ५० चौकटींची, २५ ची नव्हे. दुकानदार म्हणेल, काही फरक पडत नाही. पळणाऱ्या पोराचा तुकडा लावायला सांगा, फरक त्यालाही दिसेल.

घरात लहान मूल असेल तर येत्या संक्रांतीची वाट पाहू नका. उद्या संध्याकाळी खाली बसा, भिंग वाइड ठेवा, शटर १/५० ला बांधा, फोकस बांधा, आणि पोराला हाक मारू नका. आणि टेपा असतील तर याच वर्षी उतरवून घ्या. त्या वाजवणारे कॅमेरे आता नव्याने बनत नाहीत, आणि जुने दुरुस्त करणारे हात दर वर्षी कमी होत आहेत.